स्पीकर सुरात, खोली बेसूर!

महागडी यंत्रणा आणूनही घरात गाणं गढूळ का ऐकू येतं? टीव्हीचा आवाज वाढवूनही आजोबांना शब्द का कळत नाहीत? दोष यंत्राचा नसून चार भिंतींचा असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे आता घरचा कॉम्प्युटर सांगू शकतो.

न्हाणीघरात प्रत्येक पुरुष गवई होतो. एरवी सुराशी उभा दावा असलेला माणूसही अंगावर दोन तांबे पाणी घेतलं की असा काही खर्ज लावतो की, बाहेर थांबलेल्यांनी कौतुक करावं! या चमत्काराचं श्रेय गळ्याला नाही, भिंतींना द्यायला हवं. पाच फूट बाय चार फुटांच्या न्हाणीघरात सेकंदाला सुमारे ११३ आणि १४१ कंपनं असलेले, म्हणजेच तितक्या हर्ट्झचे स्वर आपोआप फुगतात. पुरुषाचा आवाज नेमका याच टापूत फिरतो. मग भिंतीच त्याला साथ देऊ लागतात.

न्हाणीघरात जे सुखावतं तेच बैठकीच्या खोलीत डोकेदुखी ठरतं. ती खोली मोठी, त्यामुळे फुगणारे स्वर आणखी खालचे. तबल्याचा डग्गा, पखवाज, सिनेमातले स्फोट यांचा मुक्काम याच खालच्या टापूत. गाणं लावलं की डग्गा घुमत राहतो आणि त्याच्या गदारोळात गायकाचे शब्द हरवतात. घरातले म्हणतात, स्पीकर बिघडला. दुकानदार म्हणतो, याहून मोठा घ्या. मोठा स्पीकर येतो, बिल येतं आणि घुमणं दुप्पट होतं!

दीक्षितपुऱ्यातली बैठक

जबलपूरच्या जुन्या शहरातला दीक्षितपुरा घ्या. हे शहर १७८१ ते १८१७ या काळात मराठी अंमलाखाली होतं आणि मराठी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा जुन्या वस्तीत घराला घर लागून असतं, दार गल्लीत उघडतं आणि बैठकीला ऐसपैस जागा क्वचितच मिळते. समजा, अशा एका घरातली बैठक १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. भिंतींना कडक गिलावा, खाली फरशी, एका भिंतीवर सपाट टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत स्पीकर आणि समोरच्या भिंतीला टेकून दिवाण. हे चित्र दीक्षितपुऱ्यातलं असलं तरी नागपूरच्या महालात, पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीच्या सोसायटीतही ते फारसं वेगळं नसतं.

दिसायला या मांडणीत काहीच वावगं नाही. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मात्र इथे तीन चुका आहेत. रुंदी आणि उंची सारखी आहे, स्पीकर कोपऱ्यात आहेत आणि ऐकणारा माणूस भिंतीला टेकून बसला आहे. पहिली चूक घर बांधणाऱ्याची, ती आता बदलता येत नाही. उरलेल्या दोन आपल्या हातातल्या आहेत.

खोलीचाही षड्ज असतो

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने धावतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो येरझाऱ्या घालतो. एखाद्या स्वराची अर्धी लहर त्या दोन भिंतींमध्ये बरोबर बसली, की जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींना जोर देतात. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे. हा त्या खोलीचा स्वतःचा सूर.

आपल्या बैठकीचं गणित सोपं आहे. १२ फुटांच्या लांबीचा सूर ४७ हर्ट्झचा. १० फुटांच्या रुंदीचा सूर ५६ हर्ट्झचा. उंचीही १० फूट, म्हणून तिचाही ५६. दोन सूर एकाच जागी आले की तिथला फुगवटा आणखी वाढतो. म्हणूनच चौकोनी ठोकळ्यासारखी खोली गाण्याला सगळ्यात वाईट.

एवढ्यावर भागत नाही. आवाज तिरपाही फिरतो. लांबी आणि रुंदी मिळून तयार होणारा एक सूर ७३ हर्ट्झच्या आसपास येतो. संवादिनीवर पांढरी दोन ही पट्टी धरून गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार याच कंपनसंख्येला लावलेली असते. म्हणजे गायकाने षड्ज निवडला आणि खोलीने त्यात स्वतःची भर घातली!

यातली आणखी एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४७ हर्ट्झचा तो स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सगळ्यात जोरात असतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे दिवाणावर भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांना गाणं घुमणारं वाटतं आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्या नातवाला त्याच गाण्यात खर्जच नाही असं वाटतं. दोघांत वाद होतो. खरं तर दोघंही बरोबर असतात.

उशांनी लावलेला शोध

खर्जाचा फुगवटा हा एक त्रास. दुसरा म्हणजे आवाज रेंगाळण्याचा. विजापूरच्या गोलघुमटात, जो १६५६ साली पुरा झाला, टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. पर्यटकाला त्याची मौज वाटते, पण तिथे बातम्या ऐकायची वेळ आली तर एक वाक्य कळणार नाही. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, सी. व्ही. रामन यांनी अशा घुमणाऱ्या वास्तूंचा अभ्यास केला होता आणि त्यात गोलघुमटाचाही समावेश होता.

घरगुती खोलीला लागू पडणारं सूत्र मात्र अमेरिकेतून आलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात शिक्षकाचा शब्दच कळेना. तोंडातून निघालेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. पुढचे कितीतरी शब्द बोलून झाले तरी मागचा विरलेला नसायचा. हा दोष दूर करण्याचं काम वॉलेस सॅबिन या २७ वर्षांच्या तरुण प्राध्यापकावर सोपवण्यात आलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या मागवल्या. शहर झोपल्यावर, मध्यरात्रीनंतर, ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे कानाने ऐकून मोजायचं. मग आणखी काही गाद्या आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. पहाट झाली की गाद्या परत नेऊन ठेवायच्या. अशा कित्येक रात्री घालवल्यावर त्याला नियम सापडला : खोलीचं आकारमान जितकं जास्त तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल याच नियमाच्या आधारे बांधला गेला आणि आजही तो जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

सॅबिनने मापही मोठं घरगुती निवडलं : उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक माप. साधारण कपड्यातला एक माणूस ढोबळमानाने चार-पाच चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज पितो. रिकाम्या मंगल कार्यालयात घुमणारा लाउडस्पीकर वऱ्हाडी जमल्यावर सुसह्य का होतो, याचं उत्तर यात आहे.

आता आपली बैठक पाहू. तिचं आकारमान १२०० घनफूट आणि भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग ६८० चौरस फूट. कडक गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम पाच टक्के भाग शोषतात असं धरलं, तर सगळी खोली मिळून ३४ चौरस फूट खिडकीचं काम करते. सॅबिनच्या सूत्राने रिकाम्या खोलीत आवाज रेंगाळण्याचा काळ येतो सुमारे पावणेदोन सेकंद. गाणं आणि बोलणं स्पष्ट कळायला तो अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. त्यासाठी १३० चौरस फुटांच्या आसपास शोषण लागतं. चार माणसं, दिवाणावरची जाड कापसाची गादी, फरशीवर जाजम आणि चुण्या पडतील असा जाड पडदा एवढ्यावरच बराच पल्ला गाठता येतो. आजीच्या काळातल्या बैठकीत गाद्या, लोड, तक्के असायचे. त्या बैठका ऐकायला गोड का होत्या, हे वेगळं सांगायला नको.

कॉम्प्युटर कान लावतो

सॅबिनला जे करायला रात्री जागवाव्या लागल्या, ते आज दहा-पंधरा सेकंदांत होतं. त्यासाठी लागतात तीन गोष्टी : एक साधा लॅपटॉप, मोजणीचा मायक्रोफोन आणि खोलीचा आवाज मोजणारं सॉफ्टवेअर. या कामासाठी जगभर वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर म्हणजे जॉन मल्केही यांचं रूम इक्यू विझार्ड, थोडक्यात आरईडब्ल्यू. ते मोफत मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतं. मायक्रोफोन मात्र गाण्याचा नको, मोजणीचा हवा. यूमिक-१ सारख्या मायक्रोफोनबरोबर त्या विशिष्ट नगाची दुरुस्तीची फाइल मिळते. म्हणजे त्या मायक्रोफोनचा स्वतःचा दोष किती, हे सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असतं. मोबाइलच्या मायक्रोफोनने ढोबळ अंदाज येतो, पण खर्जाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये.

पद्धत अशी. तुम्ही जिथे बसून ऐकता, तिथे स्टँडवर, कानाच्या उंचीला मायक्रोफोन ठेवायचा. पंखा बंद, कूलर बंद, कुकर बंद, गल्लीतली वर्दळ कमी असेल अशी वेळ. मग सॉफ्टवेअर स्पीकरमधून एक चढता सूर सोडतं. २० हर्ट्झच्या गुरगुरण्यापासून तो सुरू होतो आणि घसरत्या मींडेच्या उलट, सलग चढत २० हजार हर्ट्झच्या शिट्टीपर्यंत जातो. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाचे अँजेलो फारिना यांनी २००० साली या चढत्या सुराची पद्धत मांडली आणि ती सर्वत्र रूढ झाली. पाठवलेला सूर कसा होता हे कॉम्प्युटरला माहीत असतं, मायक्रोफोनने ऐकलेला कसा होता हेही कळतं. दोहोंतला फरक म्हणजे खोलीची आणि स्पीकरची करामत.

या एका मोजणीतून पडद्यावर तीन चित्रं उमटतात. पहिलं, कोणता स्वर किती फुगला, किती दबला. दुसरं, कोणता स्वर किती वेळ रेंगाळतो. डोंगररांगेसारखं दिसणारं हे चित्र पाहताच घुमणारा स्वर ओळखू येतो. तिसरं, सॅबिनने मोजला तो रेंगाळण्याचा काळ. डॉक्टरने नाडी पाहून केलेलं निदान आणि क्ष-किरणांचा फोटो यांत जो फरक, तोच नुसतं कानाने ऐकणं आणि हा आलेख यांत.

काय सुधारतं, काय नाही

लहान खोलीत खर्जाच्या टापूत दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार दिसले तर घाबरू नये. ते जवळजवळ प्रत्येक घरात असतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, यावरून फुगवट्याचा त्रास किती ते कळावं.

यातले फुगवटे सॉफ्टवेअर सहज कापू शकतं. ५६ हर्ट्झला डोंगर दिसला, तर स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजातून तेवढाच स्वर तेवढाच कमी करायचा. विंडोजवर हे काम इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर करतं. घरगुती थिएटरच्या अनेक अँप्लिफायरमध्ये ऑडिसी, वायपाओ, डिराक यांसारख्या सोयी असतात. सोबतचा मायक्रोफोन खोलीत ठेवला की त्या स्वतःच मोजणी करून दुरुस्तीही करतात. सोनोस कंपनीने २०१५ मध्ये आपल्या स्पीकरसाठी अशी सोय मोबाइलवर आणली.

या कापाकापीचा एक उपफायदा दाटीच्या वस्तीत फार मोलाचा. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जातो तो मुख्यतः खर्ज. घुमणारा स्वर कापला की त्याच्याकडे जाणारा दणकाही कमी होतो. रात्री साडेदहाला येणारी तक्रार कदाचित एका आलेखाने टळेल.

खड्ड्यांचं मात्र वेगळं आहे. मागच्या भिंतीवर आपटून परत आलेली लहर थेट लहरीला उलटी भेटली, की दोघी एकमेकींना खोडतात आणि आलेखात खड्डा पडतो. स्पीकर भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर हा खड्डा साधारण ९४ हर्ट्झला, दोन फुटांवर असेल तर १४१ हर्ट्झला. इथे आवाज वाढवून उपयोग नाही. जितकं वाढवाल तितकंच भिंत परत पाठवणार आणि खोडणार. शिवाय दहा डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. स्पीकर जळायला तेवढं पुरतं. खड्ड्यावर उपाय एकच : स्पीकर किंवा खुर्ची हलवणं.

रेंगाळण्याचंही तसंच. गिलाव्याची भिंत सॉफ्टवेअरने मऊ होत नाही. तिथे गादी, पडदा, पुस्तकांचं भरलेलं कपाट हेच कामाला येतं. म्हणून सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचा क्रम शेवटचा. आधी मोजा, मग हलवा, मग शोषण वाढवा, पुन्हा मोजा आणि उरलेला फुगवटा कापा.

आणखी एक पथ्य. आपल्या खोलीसारख्या खोलीत साधारण अडीचशे हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं, वर स्पीकरचं. वरच्या टापूतली प्रत्येक बारीक वळवळ सपाट करण्याच्या नादी लागू नये. मायक्रोफोनला थेट आलेला आणि भिंतीवरून आलेला आवाज सारखाच. माणसाचा मेंदू मात्र आधी आलेल्या आवाजाला मान देतो. आलेख रेघेसारखा सरळ आणि गाणं बेचव, असा अनुभव म्हणूनच येतो. खर्जाकडून तारेकडे हळूहळू उतरती रेघ कानाला गोड लागते.

खुर्ची कोणाची?

मोजणी जिथे केली, तिथली दुरुस्ती. दिवाणावरच्या जागेसाठी कापलेला स्वर खुर्चीवर कमीही पडू शकतो. घरात एकटाच रसिक असेल तर प्रश्न नाही. पण बैठक सगळ्यांची असते. अशा वेळी तीन-चार जागी मोजून सरासरी काढावी आणि जो फुगवटा सगळ्या जागी दिसतो तेवढाच कापावा. एकाला शंभर गुण आणि तिघांना नापास, त्यापेक्षा सगळे पास झालेले बरे.

या सगळ्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार आधी व्हायला हवा. आवाज वाढवूनही त्यांना शब्द कळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर चिडचिड होते. वास्तविक सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यांचा आवाज भिंतीवर आपटूनच आपल्याकडे येतो. आपल्या रिकाम्या बैठकीत, सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्पीकरपासून फूटभर दूर गेलं, तरी भिंतींवरून आलेला आवाज थेट आवाजापेक्षा जास्त होतो. दिवाण तर दहा-बारा फुटांवर! आवाज वाढवला की दोन्ही सारखेच वाढतात, शब्द काही सुटा होत नाही. ऐकू कमी येणाऱ्या आणि श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसांना हा घुमारा तरुणांपेक्षा जास्त छळतो.

उपाय आवाज वाढवण्याचा नाही, अंतर कमी करण्याचा आणि घुमारा कमी करण्याचा. समोर तोंड करून वाजणारा एक छोटा स्पीकर त्यांच्या जवळ ठेवला, तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र माणसाशी समोरासमोर बोलतानाही शब्द कळत नसतील, तर खोलीला दोष देऊन थांबू नये. कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

हे करून पाहा

१. रिकाम्या कोपऱ्यात टाळी वाजवा. धातूसारखी थरथर ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत. एकीवर पडदा, गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट आणा.

२. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खोलीचे सगळे सूर एकदम जागे होतात. फूट-दीड फुटानेही फरक पडतो.

३. बसण्याची जागा भिंतीपासून पुढे घ्या आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्के, म्हणजे १२ फुटांच्या खोलीत साडेचार फूट, ही सुरुवात करायला चांगली जागा. जागाच नसेल तर डोक्यामागे जाड लोड उभा करा. खर्ज हटणार नाही, पण वरच्या स्वरांचा गोंधळ कमी होईल.

४. आरसा घेऊन कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज परावर्तित होतो. गादी किंवा जाड पडदा तिथे लावा.

५. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल भिंतीला चिकटवू नका, त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. पातळ फोम फक्त वरचे स्वर पितो. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर बावीस-तेवीस फूट लांब असते, तिच्यापुढे इंचभर फोम काय करणार? शिवाय फोम पटकन पेट घेतो, देवघराच्या समईजवळ तो नकोच.

६. काचलोकर किंवा रॉकवूल वापरायचं तर चार-सहा इंच जाडीचं, कापडात पूर्ण बंद करून, कोपऱ्यात उभं करा. हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

७. मोजणी करताना आवाज कमी ठेवून सुरुवात करा. चढता सूर मोठ्याने सोडल्यास कानाला आणि स्पीकरच्या नाजूक भागाला इजा होऊ शकते.

८. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा आणि आलेख जपून ठेवा. मग कानाने ऐका. दोघांचं एकमत झालं की थांबा.

नवा स्पीकर घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. फक्त दुकानात जाण्यापूर्वी एक रविवार खोलीला द्या. पिंजाऱ्याकडून गादी भरून घ्यायची, दिवाण दोन फूट पुढे ओढायचा, ओळखीच्या कोणाचा मोजणीचा मायक्रोफोन एका संध्याकाळपुरता मागून आणायचा. एवढं केल्यावर कदाचित आढळेल की, जुन्याच स्पीकरमध्ये ते गाणं पहिल्यापासून होतं.